पितळेची विशिष्ट उष्माधारकता दर वेळी चुकते? आधी चूक कोणत्या बाजूची ते पाहा

तक्रार नेहमीची आहे. पितळेचा तुकडा तापवला, कॅलरीमीटरमधल्या (उष्णता मोजायच्या भांड्यातल्या) पाण्यात सोडला, तापमाने टिपली, गणित केले आणि उत्तर आले ०.३२, नाहीतर ०.४३. पुस्तकात मात्र ०.३८ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस, म्हणजे एक ग्रॅम पितळ एक अंशाने तापायला लागणारी उष्णता. पुन्हा प्रयोग केला तर तिसरेच उत्तर. मग जर्नलमध्ये ठरलेले वाक्य उतरते: 'तुकडा नेताना हवेत उष्णता वाया गेली.' नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिके घेताना हे वाक्य मी वह्यावह्यांतून वाचत आलो आहे. त्याच्याखाली मी एकच प्रश्न लिहितो: किती जूल?

तो हिशोब केला की बहुतेक वेळा कळते, की दोष दुसरीकडेच आहे. या प्रयोगातली प्रत्येक चूक उत्तराला एका ठरावीक बाजूला ढकलते. काही चुका उत्तर कमी करतात, काही वाढवतात. त्यामुळे साहित्य बदलण्याआधी, प्रयोग पुन्हा मांडण्याआधी, उत्तर ०.३८च्या वर आहे की खाली, एवढे पाहा. शोध तिथेच अर्धा होतो.

हिशोबासाठी एकच नमुना

सगळ्या चर्चेला एकच आकडे धरू. पितळ १०० ग्रॅम, ९७ अंशांपर्यंत तापवलेले. तांब्याचा कॅलरीमीटर आणि स्टरर (ढवळणी) मिळून ६० ग्रॅम. पाणी ८० ग्रॅम, सुरुवातीला २७ अंशांवर. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८६ आणि तांब्याची ०.३८५ धरली, तर एका अंशाने तापायला पाण्याला ३३५ जूल लागतात आणि भांड्याला २३ जूल, एकूण ३५८. पितळेचा तुकडा एक अंश थंड होताना ३८ जूल देतो. कुठे काही बिघडले नाही तर मिश्रण ३३.७ अंशांवर स्थिरावते. पाण्याचे तापमान ६.७ अंशांनी वाढते आणि पितळेने दिलेली एकूण उष्णता सुमारे २,४०० जूल भरते.

हा २,४०० चा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक शंकेचे माप त्यानेच घ्यायचे आहे. कुठे २४ जूल इकडेतिकडे झाले तर चूक एक टक्क्याची, २४० जूल झाले तर दहा टक्क्यांची.

'नेताना उष्णता गेली' हे कितपत खरे?

१०० ग्रॅम पितळेचे घनफळ साधारण १२ घन सेंटिमीटर, पृष्ठभाग तीसेक चौरस सेंटिमीटर. एवढा तुकडा ९७ अंशांवर असताना शांत हवेत सेकंदाला दोन-तीन जूल गमावतो. वाफेच्या भांड्यापासून कॅलरीमीटरपर्यंत पाच सेकंद लागले, तर गेले फार तर पंधरा जूल. म्हणजे अर्धा-पाऊण टक्का. कूलरच्या थेट झोतातून तुकडा नेला तर हा आकडा तिपटीने वाढेल, तरी दोन टक्क्यांच्या आसपासच राहील.

तुमचे उत्तर पंधरा टक्क्यांनी कमी असेल तर हे कारण पुरत नाही. तुकडा कोरडा असेल आणि हात झटपट चालत असेल, तर ही चूक यादीत सगळ्यात खाली येते. ओल्या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे.

उत्तर कमी येत असेल तर

पहिला संशय भांड्यावर घ्या. कॅलरीमीटर आणि स्टररने घेतलेली उष्णता गणितात धरली नाही, तर आपल्या नमुन्यात उत्तर ०.३८ ऐवजी ०.३५६ येते, सहा टक्क्यांहून जास्त कमी. भांडे हलके आहे, धातूचे आहे, ते कितीशी उष्णता खाणार, असे मुलांना वाटते. पण पाणी ८० ग्रॅमच असेल तर ६० ग्रॅम तांब्याचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. याची खात्री करायला सोपी चाचणी आहे. तोच प्रयोग एकदा ८० ग्रॅम पाण्यावर करा आणि एकदा १६० ग्रॅमवर. भांडे विसरल्यामुळे चूक होत असेल, तर पाणी दुप्पट केल्यावर ती जवळजवळ निम्मी होते. दोन्ही वेळा चूक तेवढीच राहिली, तर भांडे निर्दोष आहे, पुढे चला.

दुसरा संशय १०० या आकड्यावर. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी असल्याने पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ९९च्या आसपास उकळते. उकळत्या पाण्यात थर्मामीटर ९९ दाखवतो म्हणून तो बिघडला आहे असे समजून बाजूला ठेवणारे मी पाहिले आहेत. तो थर्मामीटर बरोबर आहे, नागपुरात त्याने तेच दाखवायला हवे. शंकाच असेल तर कुटलेल्या, वितळत असलेल्या बर्फात त्याचे शून्य तपासून घ्या.

पण एक अंशाचा हा फरक तसा लहान. मोठा फरक पडतो तो धातूचे तापमान न मोजता पाण्याचे तापमान त्याच्या नावावर लिहिल्याने. तुकडा परीक्षानळीत ठेवून नळी उकळत्या पाण्यात धरली, तर भोवती हवा असते आणि हवेतून उष्णता सावकाश जाते. बाहेर पाणी खळखळ उकळत असते, आतला तुकडा तेव्हा ९४-९५वरच असू शकतो. पूर्ण तापल्यावरही तो ९७-९८पर्यंतच पोचतो, कारण नळीचे वरचे तोंड थंड हवेत असते. आपल्या नमुन्यात ९७च्या जागी १०० लिहिले, तर उत्तर साडेचार टक्क्यांनी खाली येते. उपाय सरळ आहे. थर्मामीटरचा फुगा नळीत तुकड्याला टेकवून ठेवा, तोंड कापसाने बंद करा, रीडिंग पाच मिनिटे हलले नाही की तेच लिहा.

तिसरा संशय पाण्याच्या उघड्या तोंडावर, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हाच खरा गुन्हेगार असतो.

उघडे तोंड, कोरडी हवा, कूलर

एप्रिल-मेमध्ये सुटीतल्या विज्ञान शिबिरात हा प्रयोग केला, की उत्तर हमखास कमी येते. जानेवारीत तेच साहित्य ठीक चालते. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर सुरू असतो, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि हवा इतकी कोरडी की ओला रुमाल बघता बघता सुकतो. या हवेत कॅलरीमीटरचे झाकण काढून ठेवले तर काय होते?

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला, तीस-चाळीस अंश तापमानाच्या टप्प्यात, सुमारे २,४०० जूल लागतात. आता कोपऱ्यात लिहिलेला आकडा पाहा. १०० ग्रॅम पितळेने ९७ वरून ३३.७ पर्यंत येताना जेवढी उष्णता दिली, तेवढी सगळीच्या सगळी एक ग्रॅम पाणी उडवायला पुरते. मग ०.१ ग्रॅम, म्हणजे दोनेक थेंब पाणी उडाले तर? २४० जूल गेले, चूक दहा टक्क्यांची. माझ्या हिशोबाने सहा सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या भांड्यातून, कूलरच्या झोतात, एवढे पाणी दोन-तीन मिनिटांत जाते. तेवढ्या वेळात आपण काय करतो? ढवळतो, थर्मामीटरकडे बघत थांबतो आणि सर्वांत वरचे रीडिंग कधी येते याची वाट पाहतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. कॅलरीमीटरमध्ये ३५ अंशांचे पाणी घ्या, वजन टिपा, पाच मिनिटे कूलरसमोर उघडे ठेवा, पुन्हा वजन करा. नंतर झाकण लावून हेच करा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की झाकण कशाला हवे हे कोणाला सांगावे लागत नाही. फक्त वजन करताना काटा झोतात ठेवू नका, वाऱ्याने तोही हलतो.

या बाष्पीभवनामुळे आणखी एक घोटाळा होतो, आणि तो चांगल्या चांगल्या शिक्षकांच्याही ध्यानात येत नाही. खोलीचे तापमान आणि पाण्याचे तापमान सारखे असले, की पाणी उष्णता घेतही नाही आणि देतही नाही, असे आपण धरतो. झाकलेल्या भांड्याला ते लागू आहे. उघड्या पाण्याला नाही. मेच्या दुपारी खोलीत ४० अंश असताना माठातले पाणी पंचविशीच्या आसपास का राहते? माठ पाझरतो, बाहेरचे पाणी उडते, उडताना आतली उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत हे तापमान बावीस-चोवीसपर्यंतही उतरू शकते. तुमच्या उघड्या कॅलरीमीटरचे पाणीही त्याच दिशेने खाली ओढले जात असते, बाजूने येणारी खोलीची उष्णता त्याला वर ढकलत असते. त्यामुळे 'खोलीच्या तापमानाला सुरुवात केली, म्हणून उष्णतेची देवघेव नाही' हे म्हणणे उन्हाळ्यात टिकत नाही. झाकण लावा, थर्मामीटर आणि स्टररपुरतीच भोके ठेवा, प्रयोगाची पंधरा मिनिटे कूलरचे तोंड दुसरीकडे वळवा. मुलांना घाम येईल, पण उत्तर सुधारेल.

या तिन्ही चुका एकत्र करून पाहू. भांडे गणितात नाही, ९७च्या जागी १०० लिहिले, आणि उघड्या तोंडामुळे शेवटचे तापमान ३३.७ ऐवजी ३३.४ दिसले. उत्तर येते ०.३२२. पंधरा टक्के कमी! एकेक चूक सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, पण तिन्ही एकाच बाजूला ओढतात, म्हणून त्यांची बेरीज होते. नागपुरातल्या उन्हाळी प्रयोगांत ०.३२च्या आसपासची उत्तरे वारंवार दिसतात, त्यामागे बहुधा हीच बेरीज असते.

उत्तर जास्त येत असेल तर

इथे संशयित एकच मोठा: तुकड्याबरोबर आलेले गरम पाणी. दोऱ्याला बांधून तुकडा थेट उकळत्या पाण्यात सोडायचा आणि तिथून उचलून कॅलरीमीटरमध्ये टाकायचा, ही पद्धत सोपी म्हणून सगळीकडे चालते. तुकड्याला, दोऱ्याला, गाठीला पाणी चिकटून येते. ते एक ग्रॅम भरले, तर ९७ वरून ३३.७ पर्यंत येताना सुमारे २६५ जूल देते. उत्तर अकरा टक्क्यांनी वर जाते. छर्रे किंवा धातूचा कीस वापरला तर पृष्ठभाग जास्त, पाणीही जास्त, आणि चूक याहून मोठी.

मग मुले तुकडा फडक्याने पुसतात. याने काम बिघडते ते दुसऱ्या बाजूला. पुसताना फडके उष्णता घेते, आणि अंगावर राहिलेला पातळ थर उडताना धातूला थंड करतो. ओला तुकडा हवेत नेताना होणारा ऱ्हास कोरड्या तुकड्याच्या कितीतरी पट असतो तो याचमुळे. पुसावे तर कमी, न पुसावे तर जास्त. या पद्धतीत सुटका नाही, म्हणून ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. तुकडा कोरडाच तापवा. फ्रेंच शास्त्रज्ञ रेनो याने एकोणिसाव्या शतकात जे उपकरण वापरले त्यात पदार्थ वाफेने वेढलेल्या कोरड्या नळीत तापायचा आणि तिथून सरळ खाली कॅलरीमीटरमध्ये पडायचा. आपल्याकडे तसे उपकरण नसेल, पण रुंद तोंडाची परीक्षानळी, कापसाचा बोळा आणि उकळत्या पाण्याचे भांडे एवढ्यावर तोच हेतू साधतो. नळी वाकवली की तुकडा घसरून पाण्यात जातो, हात मध्ये येत नाही. बोळा मात्र घट्ट हवा. सैल असेल तर वाफ नळीत शिरते, तुकड्यावर जमते आणि कोरडा म्हणून टाकलेला तुकडा ओला निघतो.

पाणी बरोबर आले की नाही हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे आणि प्रात्यक्षिकात ती जवळजवळ कोणीच वापरत नाही: शेवटचे वजन. आपण रिकाम्या कॅलरीमीटरचे वजन करतो, पाण्यासकट करतो, कोरड्या तुकड्याचे करतो आणि थांबतो. प्रयोग संपल्यावर पाणी आणि तुकडा आत असतानाच सगळ्याचे एकदा वजन करा, थर्मामीटर काढताना त्याचे थेंब आत झटकून. आधीच्या वजनांची बेरीज आणि हे वजन जुळले पाहिजे. जास्त भरले, तर तेवढे गरम पाणी तुकड्याबरोबर आत आले. कमी भरले आणि उत्तरही कमी आहे, तर पाणी उडाले. कमी भरले पण उत्तर जास्त आहे, तर तुकडा टाकताना पाणी बाहेर उसळले. पाणी आत कमी होते आणि गणितात तुम्ही जास्त धरलेत. एका वजनाने तीन चुका वेगळ्या होतात. परीक्षेच्या टेबलात या वजनाला रकाना नसतो, तो स्वतः आखून घ्या.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची हवा दमट असते, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते ते, बावीस-चोवीसच्या घरात असतो. अशा वेळी फ्रिजचे गार पाणी कॅलरीमीटरमध्ये घेतले, की बाहेरून भांड्याला घाम फुटतो. दव बसताना भांड्याला उष्णता देते, आणि मिश्रण तापल्यावर तेच दव उडताना उष्णता परत घेते. कोणत्या क्षणी काय चालले आहे ते कळत नाही, वजनही फसते. म्हणून पावसाळ्यात सुरुवातीचे तापमान २५च्या खाली नेऊ नका. स्टीलच्या पेल्यात तेवढेच गार पाणी घेऊन दोन मिनिटे ठेवा, पेला बाहेरून धूसर झाला तर पाणी थोडे कोमट करून घ्या.

बरोबर आलेल्या उत्तराचे काय?

भांडे विसरले आणि १०० लिहिले, उत्तर दहा-अकरा टक्क्यांनी खाली गेले. त्याच गटाने तुकडा ओला टाकला, उत्तर अकरा टक्क्यांनी वर आले. वहीत ०.३८. शाबासकी त्या गटाला, आणि शेजारच्या गटाने दोन चुका टाळल्या, एक राहिली, म्हणून त्यांचे उत्तर चुकीचे. हे मला फार खटकते. मार्क देताना उत्तराच्या आधी टेबल पाहावे, शेवटचे वजन पाहावे, धातूचे तापमान मोजलेले आहे की गृहीत धरलेले ते पाहावे. ०.३६ आणून 'भांडे धरले, तोंड झाकले, तरी शेवटचे वजन ०.०८ ग्रॅमने कमी भरले' असे लिहिणाऱ्या मुलीला प्रयोग कळला आहे.

थर्मामीटर आणि पाण्याचे माप

उत्तर कधी वर, कधी खाली, कुठलाच कल दिसत नाही, अशी तक्रार असेल तर दोष वाचनात आहे. एक अंशाच्या खुणा असलेल्या थर्मामीटरवर अर्ध्या अंशाची चूक सहज होते. वाढ ६.७ अंशांची असेल तर ती साडेसात टक्के झाली. पाणी ८० ऐवजी २०० ग्रॅम घेतले, तर वाढ तीन अंशांवर येते आणि तीच अर्ध्या अंशाची चूक सतरा टक्क्यांची होते. 'पाणी भरपूर घ्या, तुकडा नीट बुडू द्या' हा सल्ला म्हणून घातक आहे. तुकडा जेमतेम बुडेल एवढेच पाणी घ्या. शिशासाठी तर हे फारच महत्त्वाचे, कारण त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.१३ एवढीच आहे. शंभर ग्रॅम शिसे घेतले तर पाणी दोन-अडीच अंशच तापेल, तिथे तीनशे ग्रॅम घ्यावे.

०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याचा आकडा मुळात अर्धा-एक अंश पुढेमागे असला, तरी पाण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगला एकच थर्मामीटर वापरला, की वाढीतून ती चूक वजा होते.

तापमान एकदाच नाही, सतत टिपा

वरचे 'सर्वांत जास्त' तापमान पकडायच्या नादात ते हातातून निसटते. त्यापेक्षा आलेख काढा. तुकडा टाकण्याआधी पाच मिनिटे, दर अर्ध्या मिनिटाला पाण्याचे तापमान लिहा. पाचव्या मिनिटाला तुकडा सोडा, ढवळत राहा, पुढची पाच-सात मिनिटे लिहीत राहा. समजा सहाव्या मिनिटाला ३३.५, सातव्याला ३३.३, आठव्याला ३३.१ आले. मिनिटाला ०.२ अंशाने पाणी थंड होत आहे. ही उतरती रेघ मागे वाढवून तुकडा टाकला त्या क्षणाच्या जरा पुढेपर्यंत न्या, जिथे निम्मी वाढ झाली होती. तिथे रेघ ३३.७ दाखवते. हेच शेवटचे तापमान धरायचे. आलेखाच्या कागदावर पट्टी ठेवून केलेल्या या कामाने बाजूने जाणारी आणि उडून जाणारी उष्णता बरीचशी भरून निघते. मात्र मधल्या वेळात कूलर बंद-चालू करू नका, उताराचा वेग बदलतो.

याच्या जोडीला काउंट रमफर्डच्या नावाने ओळखली जाणारी जुनी युक्ती आहे: पाणी खोलीपेक्षा जितके गार तितकेच शेवटी गरम व्हावे, म्हणजे आधी आलेली उष्णता आणि नंतर गेलेली उष्णता फिटतात. धातूच्या बाबतीत थोडा बदल करा. धातू पहिल्या काही सेकंदांतच बहुतेक उष्णता देऊन टाकतो आणि उरलेला सगळा वेळ मिश्रण वरच्या तापमानावर घालवते. म्हणून शेवटचे तापमान खोलीच्या अगदी जवळ येईल असे पाहा. मेमध्ये कूलरची खोली ३२ अंशांवर असेल तर माठातले पाणी घ्या, नेमके जुळते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी घेऊ नका, ते दुपारी खोलीपेक्षाही गरम असते. जानेवारीत सकाळी खोली वीस अंशांवर असते, तेव्हा चौदा अंशांचे पाणी चालेल. हवा कोरडी असल्याने दवाचीही भीती नाही.

तरीही दोष सापडला नाही तर

प्रयोग दोन भागांत तोडा. धातू बाजूला ठेवा. कॅलरीमीटरमध्ये ८० ग्रॅम गार पाणी घ्या आणि त्यात मोजलेल्या तापमानाचे ३० ग्रॅम कोमट पाणी ओता, पन्नास अंशांच्या आसपासचे. या 'पदार्थाची' विशिष्ट उष्माधारकता काढा. ४.१८च्या जवळ आली तर भांडे, थर्मामीटर, काटा आणि तुमचे गणित सगळे ठीक आहे. दोष धातू तापवण्यात किंवा टाकण्यात आहे. आली नाही, तर पितळेला हात लावण्यात अर्थ नाही, आधी हे दुरुस्त करा. तांब्याच्या कॅलरीमीटरऐवजी थर्मास वापरत असाल तर हीच चाचणी उलटी करून त्याचा जलतुल्यांक, म्हणजे तो किती ग्रॅम पाण्याएवढी उष्णता घेतो ते, काढता येतो; तो काढावाच लागतो, कारण काचेचा नेमका किती भाग तापतो हे वजनावरून सांगता येत नाही. थर्माकोलचे पेले उष्णता कमी खातात म्हणून पूर्वी सर्रास वापरत, पण महाराष्ट्रात २०१८च्या बंदीनंतर ते सहज मिळत नाहीत. स्टीलच्या दोन पेल्यांमध्ये कापूस भरला तरी काम भागते. आतल्या पेल्याचे वजन आणि स्टीलसाठी ०.५ हा आकडा धरायला विसरू नका.

इतवारीच्या बाजारातून आणलेला धातूचा तुकडा नेमका कशाचा आहे हे माहीत नसेल, आणि तो शुद्ध धातू असेल, तर द्युलाँ आणि पेती यांचा १८१९चा नियम मदतीला येतो: विशिष्ट उष्माधारकता गुणिले अणुवस्तुमान सुमारे २५. तांब्याला ०.३८५ गुणिले ६३.५, येते २४.४. ॲल्युमिनियमला ०.९० गुणिले २७, येते २४.३. तुमचे उत्तर कोणत्या धातूजवळ बसते ते यावरून ताडता येते.

दगडासाठी वेगळी काळजी

काही जण पितळेनंतर आपल्या मातीतला पदार्थ घेतात, ते मला आवडते. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा. त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.८ ते ०.९च्या दरम्यान येते, पितळेच्या दुपटीहून जास्त. टेकडी फोडायची गरज नाही, बांधकामाची काळी गिट्टी चालते. शंभर ग्रॅम गिट्टी ९७ अंशांवरून त्याच ८० ग्रॅम पाण्यात सोडली तर पाणी तेरा अंशांच्या आसपास तापते. पितळेपेक्षा दगड जास्त उष्णता धरतो हे पाहून मुले चकित होतात आणि प्रयोग चुकला असे समजतात. चुकलेला नसतो.

चुका मात्र इथे वेगळ्या असतात. दगडात ओल असते. वजनाच्या एक टक्का ओल म्हणजे शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम पाणी, आणि उत्तरात चारेक टक्क्यांची वाढ. म्हणून गिट्टी आधी १०५-११० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि झाकून गार करा. दुसरे, दगडातून उष्णता सावकाश बाहेर येते. तीन सेंटिमीटरचा खडा आतून पाण्याच्या तापमानाला यायला दोनेक मिनिटे घेतो, तेवढ्यात पाणी बाहेर उष्णता गमावू लागलेले असते आणि आलेखाचे टोक बोथट होते. हरभऱ्याएवढे तुकडे करा, पीठ करू नका. तापवतानाही नळीत धातूच्या दुपटीने वेळ द्या आणि थर्मामीटरचा फुगा खड्यांच्या मधोमध खोचा. आलेख दहा मिनिटे चालू ठेवा, आणि मागे वाढवायची रेघ उतार एकसारखा झाल्यानंतरच्या बिंदूंवरून काढा. खड्यांच्या छिद्रांत शिरलेले पाणी कॅलरीमीटरमधलेच असते, त्यामुळे शेवटच्या वजनाची चाचणी दगडालाही जशीच्या तशी लागू पडते.